दीनबंधूचे दोन तरुण

रविवारी गिरणीचा भोंगा वाजत नाही, ही गोष्ट आमच्या वडिलांच्या पिढीला सूर्य उगवण्याइतकी सहज वाटे. १८९० पूर्वी तशी सोय नव्हती. ती ज्यांनी मिळवली, त्यांच्या वयाकडे आम्हांला आज आपले लक्ष वेधावयाचे आहे.

महात्मा फुले यांनी १८७३ साली पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. त्यातले एक कार्यकर्ते कृष्णराव भालेकर. १८७७ च्या जानेवारीत त्यांनी 'दीनबंधू' पत्र काढले, तेव्हा त्यांचे वय सत्तावीसच्या आसपास होते. वर्गणी देणारा वाचक कुठला? ज्यांच्यासाठी पत्र काढायचे, त्या शेतकऱ्या-कामकऱ्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पत्र तोट्यात गेले. व्यवहारी माणसाने हिशेब मिटवून मोकळे व्हावे, असाच हा धंदा होता.

पण १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेऊन चालवावयास घेतले. तेही बत्तिशीतलेच. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले होते. कामगारांचे हाल त्यांनी तिथे जवळून पाहिले. १८८१ चा फॅक्टरी कायदा झाला, तो मुख्यतः मुलांपुरता. प्रौढ कामगाराच्या तासांना मर्यादा नव्हतीच. १८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारी कमिशनपुढे ठेवले: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, अपघाताची भरपाई. साडेपाच हजार सह्या म्हणजे काय, ते चाळीचे जिने चढलेल्यालाच कळेल!

आणि गुरूशी त्यांचे नेहमी पटले म्हणाल, तर तसेही नाही. 'शेतकऱ्याचा असूड'चे आरंभीचे भाग 'दीनबंधू'त छापून लोखंड्यांनी पुढचे थांबवले. जोतीराव रागावले, पण कामाची वाट तुटली नाही. वडीलधाऱ्याने रागवावे आणि तरुणाने तरीही आपले पत्र आपल्या मताने चालवावे, इतकी मोकळीक त्या घरात होती.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामकरी बायांनीही तिथे भाषणे केली. १० जूनला मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने ती पक्की झाली.

हा इतिहास आम्ही शेकडो शिबिरांत सांगितला. तरीही आमच्याच कचेरीत काय घडले, ते सांगितले पाहिजे. १९९८ साली बंद पडलेल्या एका गिरणीतला पोरगा आला. बेकार कामगारांच्या बायकांचे पोळीभाजी केंद्र काढू म्हणाला. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले होते. म्हणजे दाखला दाराशीच होता. आम्ही म्हणालो, "आधी थकबाकीचा लढा. संघटनेचे काम पोळ्या लाटण्याचे नव्हे."

त्याने एका पत्रकाच्या पाठीवर हिशेब मांडून आणला होता: कणीक, तेल, गॅस, सायकली दोन. तो कागद आम्ही खणात ठेवला. गेल्या वर्षी कचेरी हलवताना सापडला, तेव्हा प्रथमच शेवटपर्यंत वाचला. बेरीज बरोबर होती.