ध्वनिमुद्रिका : ओळख, प्रतवारी व मूल्य
संग्रहातील तबकड्यांचा काळ, दर्जा व किंमत ठरविण्याची पद्धत. रिसोडसारख्या गावातील जुन्या वाड्यात बालगंधर्वांची नाट्यपदे सापडली, तर ती बहुधा मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या ठिसूळ तबकडीवर असतात. ३३⅓ फेऱ्यांची एलपी व्हिनाइलची, लवचीक. लेबलापेक्षा त्याभोवती कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (मूळ साच्याचा क्रमांक) अधिक विश्वसनीय, कारण एकच मुद्रण पुढे निराळ्या लेबलावर पुन्हा निघे. ‘मिंट’ (नव्यासारखी) ते ‘पुअर’ (खराब) अशी प्रत तिरप्या प्रकाशात पाहून, पण खरी वाजवूनच ठरते. वयावर किंमत ठरत नाही. गाजलेली चित्रपटगीते अमाप छापली गेली, म्हणून ती जुनी असूनही सहसा स्वस्त असतात. उलट, तडकलेले दुर्मिळ मुद्रणही टाकू नये. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने तबकड्यांच्या संग्रहाच्या क्षेत्रात मोलाचे काम केले आहे. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, लाख विरघळते.