पुस्तकात उत्तरंच नव्हती: होशंगाबादची गोष्ट

‘कृतीवर आधारित विज्ञान अभ्यासक्रम’ या विषयावर संशोधनाचा प्रस्ताव लिहिताय? मग आधी होशंगाबाद वाचा.

१९७२ साली मध्य प्रदेशातल्या या जिल्ह्यात ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनी १६ शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पोचला. १९८२ पासून ‘एकलव्य’ने तो सांभाळला.

त्यांचं पुस्तक होतं ‘बाल वैज्ञानिक’. त्यात प्रयोग आणि प्रश्न होते, तयार उत्तरं नव्हती. मुलांनी गटात प्रयोग करायचा, निरीक्षणं वहीत लिहायची, मग वर्गात चर्चा. म्हणजे अर्धं पुस्तक मुलंच लिहायची!

आता विचार करा, परीक्षा जुनीच ठेवली असती तर? वर्गात पुन्हा पाठांतरच सुरू झालं असतं. म्हणून त्यांनी परीक्षाच बदलली. लेखी पेपरला पुस्तक-वही सोबत न्यायची मुभा, शिवाय प्रयोगाची वेगळी परीक्षा. शिक्षकांच्या मासिक बैठका व्हायच्या. वर्गात काय अडलं ते तिथे बोललं जायचं, आणि त्यातून धडे सुधारायचे.

एवढं असूनही २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला.

त्यामुळे प्रस्तावात नुसती कृतींची यादी देऊन थांबू नका. परीक्षा कशी असेल, अडलेल्या शिक्षकाच्या पाठीशी कोण असेल, फुटलेली परीक्षानळी कोण भरून देईल, आणि अभ्यासक्रम चालू ठेवायचा निर्णय कोणाच्या हातात असेल, हेही लिहा. माझ्या मते खरा संशोधन-प्रश्न तिथेच सापडतो.