जर्मन गाडी घरी दुरुस्त करताना नेमकं अडतं कुठे?

चोपड्यात ट्रॅक्टर, बुलेट किंवा बोअरची मोटर बिघडली तर मिस्त्री हाकेच्या अंतरावर मिळतो. जर्मन गाडीचं बॉनेट उघडलं की मात्र बहुतेकदा उत्तर येतं, "जळगावला घेऊन जा." म्हणजे पन्नासेक किलोमीटर, आणि गाडी बंद असेल तर टोचनचा खर्च वेगळा. फोक्सवॅगनची पोलो चाकणला २००९ मध्ये बनायला लागली आणि २०२२ मध्ये बंद झाली. त्यामुळे वॉरंटी संपलेल्या पोलो-व्हेंटो सेकंडहँड घेणारे बरेच आहेत. माझ्याकडेही एक जुनी जर्मन गाडी आहे, छोटी कामं मी अंगणातच करतो.

पहिली अडचण पान्यांची. आपल्या पेटीत फिक्स, रिंग आणि ॲलन पाने असतात. इथे सहा टोकांचे टॉर्क्स आणि बारा टोकांचे 'ट्रिपल स्क्वेअर' बोल्ट भेटतात. त्या बारा टोकांच्या खाचेत ॲलन पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की घसरतो आणि खाच गुळगुळीत होते. मग ड्रिल करण्यावाचून इलाज नाही. पाचशे रुपये वाचवण्यापेक्षा आधी बिटचा सेट घ्या. काही बोल्ट तर बसवताना ताणले जातात. पुस्तकात 'इतका टॉर्क अधिक ९० अंश' असं लिहिलेलं असेल तर तो बोल्ट परत वापरायचा नाही, नवाच लावायचा.

चाक बदलणंही वेगळं. मारुतीला हबवर स्टड असतात, चाक लटकवून नट लावले की झालं. जर्मन गाडीत थेट बोल्ट, म्हणजे चाक एका हाताने धरून भोक जुळवत बसा. त्याच आट्याचा एक लांब बोल्ट डोकं कापून गाईड पिन म्हणून ठेवला, तर हा त्रास संपतो. पोलोचे चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात.

खरी डोकेदुखी इलेक्ट्रॉनिक्सची. स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या पोर्टला लावायचं स्वस्त ब्लूटूथ डोंगल इंजिनाचे सर्वसाधारण कोड वाचतं. एबीएस, एअरबॅगपर्यंत ते सहसा पोचत नाही. त्यासाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हन लागतं. आणि कोड म्हणजे निदान नव्हे. 'पी०२९९' आला म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय एवढंच कळतं. टर्बो गेला असं समजून हजारो रुपये घालण्याआधी रबरी होज कुठे फाटलाय का, क्लॅम्प सैल आहे का ते बघा.

ज्या मॉडेलला इलेक्ट्रिक हँडब्रेक आहे, त्याचे मागचे ब्रेक पॅड बदलताना आधी स्कॅनरने कॅलिपरची मोटर मागे घ्यावी लागते. क्लॅम्पने दाबाल तर आतली यंत्रणाच मोडते. ब्रेकच्या बाबतीत जुगाड मला मान्य नाही.

पार्ट मागवताना मॉडेलच्या नावापेक्षा जुन्या पार्टवरचा नंबर जास्त कामाचा. 'सहा आर शून्य'ने सुरू होणारा नंबर पोलोचा असतो, आणि शेवटचं अक्षर सुधारित आवृत्ती दाखवतं. स्कोडा रॅपिडमध्येही पुष्कळ पार्ट तेच. कूलंटला मात्र रंग बघून भुलू नका, डब्यावरचा कंपनीचा कोड जुळला पाहिजे. आपल्या बोअरचं जड पाणी तर घालूच नका, रेडिएटरमध्ये क्षार धरतो. डिस्टिल्ड पाणी बॅटरीवाल्याकडे मिळतं.

बॅटरी काढल्यावर काचेचं ऑटो फंक्शन गेलं तर घाबरू नका. काच पूर्ण वर नेऊन बटण दोनेक सेकंद तसंच धरून ठेवा, परत चालू होतं.