चिक्कीतला दाणा आणि टर्कीची पिल्ले

लोणावळ्याची चिक्की म्हणजे मुळातली गूळदाणी. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि पुढे स्टेशनाच्या आधाराने हा खाऊ दूरदूर पोचला. मावळ मात्र भाताचा मुलूख. चिक्कीतला भुईमूग बहुतेक बाहेरून पोत्यांतून येतो आणि येतो तो वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात! दमट हवेत दाण्याला बुरशी लागते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. त्या बुरशीचा कर्करोगाशी संबंध आहे, हे मात्र कळले ते इंग्लंडमधल्या टर्की पक्ष्यांमुळे.

१९६० साली तिथे काही महिन्यांत टर्कीची एक लाखाहून अधिक पिल्ले मेली. रोगजंतू सापडेना, म्हणून रोगाचे नाव ठेवले ‘टर्की एक्स’. शोध अखेर ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी थांबला. पेंडीत ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी वाढली होती. तिच्याच नावातली अक्षरे घेऊन विषाला ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हटले गेले. अतिनील प्रकाशात त्याचे काही प्रकार निळे चमकतात, काही हिरवे. त्यावरून बी आणि जी ही नावे पडली. अशी पेंड खाणाऱ्या उंदरांच्या यकृतात गाठी झाल्या, तेव्हा प्रश्न पक्ष्यांपुरता राहिला नाही.

आपल्याकडे त्याचे उत्तर फार क्रूरपणे मिळाले. १९७४ च्या पावसाळ्याअखेर गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा जिल्ह्यांत अवकाळी पावसाने मका भिजला. आदिवासी कुटुंबांना तोच खावा लागला. कावीळ झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. घरातली कुत्रीही मेली, कारण भाकरी तीच होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी त्या मक्यात अफ्लाटॉक्सिन दाखवून दिले. बुरशीचे धान्य टाकून द्यावे हे त्या लोकांना कळत नव्हते असे नाही. टाकले असते तर दुसरे खाण्याजोगे घरात काय होते?

हा झाला मोठ्या मात्रेचा परिणाम. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर? १९९४ साली शांघायमधील १८ हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. केवळ अफ्लाटॉक्सिन असेल तर यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट, केवळ हिपॅटायटिस बी असेल तर सातपट आणि दोन्ही एकत्र असतील तर सुमारे साठपट आढळला. विषाची खूणही सापडली होती : पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणाऱ्या पी-५३ या जनुकातल्या एका ठरावीक जागी होणारा बदल. चीनच्याच चिडोंग भागात १९८० च्या दशकात लोक मक्याऐवजी तांदूळ खाऊ लागले. पुढे यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू घटले, आणि तेही कावीळ-बीची लस येण्याआधी जन्मलेल्यांमध्ये. भातखाऊ मावळकरांनी हे जरूर वाचावे. (आपल्याकडे ही लस २०११ पासून देशभरच्या सार्वत्रिक लसीकरणात आहे.)

म्हणून दाणे सोडायचे काय? मुळीच नाही. स्वस्तात इतकी प्रथिने दुसरीकडे क्वचितच मिळतात, आणि तंबाखूची मशेरी लावणाऱ्या घराने आधी दाण्याला घाबरावे, हे तर हास्यास्पदच. निवडणे मात्र टाळू नये. लहानपणी सुपातले काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे वेचण्याचे काम आम्हा मुलांकडे असे, आणि ते अतिशय कंटाळवाणे वाटे. विष पोत्यात सारखे पसरलेले नसते, मोजक्या दाण्यांत एकवटलेले असते. म्हणून ते कंटाळवाणे काम खरोखर उपयोगी पडते. भाजल्याने विष थोडे घटते, पण जात नाही. दाण्याचे कूट करून ठेवले की तर निवडायलाही काही उरत नाही.

वेचून काढलेले दाणे गाईपुढे टाकू नयेत. तिच्या पोटात गेलेल्या विषाचा काही अंश ‘एम-१’ या रूपात दुधात उतरतो.