सांगोल्याचा कौल

शाळेच्या इतिहासात सांगोल्याला फार तर एक ओळ मिळते. १७५० साली येथे झालेल्या कराराने छत्रपती रामराजांकडची राज्यकारभाराची सूत्रे पेशव्यांच्या हाती गेली, एवढीच ती ओळ. ती शिकवताना माझ्या मनात नेहमी एक प्रश्न येतो : त्या कागदावर शिक्का उमटत होता तेव्हा गावाबाहेर मेंढरे राखणारा माणूस काय करीत असेल? त्याला कोणी काही विचारले नाही. आपल्याला कोणी विचारावे असे त्यालाही वाटले नसेल.

पुढे २१२ वर्षे गेली आणि १९६२ साल उजाडले. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत या निवडणुकीत सर्वत्र आली. म्हणजे आता शिक्का त्या मेंढपाळाच्या वंशजाच्या हाती होता. सांगोल्याचा हा दुसरा इतिहास मला पहिल्याहून मोठा वाटतो.

सांगोला हा माणदेशाचा मुलूख. पाऊस येतो तो बहुधा हुलकावणी देण्यासाठी. माण नदीचे पात्र वर्षातले बरेच महिने वाळूचेच असते. अशा ठिकाणी राजकारण म्हणजे अखेर पाण्याचे, चाऱ्याचे आणि रोजगाराचे राजकारण. १९६२ साली महाराष्ट्रभर काँग्रेसचा बोलबाला असताना या तालुक्याने शेतकरी कामगार पक्षाच्या एका तरुण वकिलाला निवडून दिले. गणपतराव देशमुख हे त्यांचे नाव. मूळ गाव मोहोळ तालुक्यातले पेनूर. सांगोल्यात ते वकिलीसाठी आले आणि पुढे सगळ्या तालुक्याचे ‘आबा’ झाले. १९६७ सालीही लोकांनी त्यांनाच पाठवले.

त्यानंतरचा हिशेब बहुतेकांना तोंडपाठ आहे : एकंदर अकरा वेळा विजय, महाराष्ट्र विधानसभेतला विक्रम. १९७८ आणि १९९९ सालच्या मंत्रिमंडळांतला अल्प काळ सोडला, तर एवढी सगळी वर्षे बहुतांशी विरोधी बाकावर गेली. एस.टी.ने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. त्या खऱ्याच आहेत. परंतु त्या सांगता सांगता आपण मतदाराला विसरतो. जणू काही सांगोलेकरांनी एकदा माळ घातली आणि पुढे पन्नास वर्षे डोळे मिटून बसले!

तसे झालेले नाही. १९७२ साली काँग्रेसची लाट आली आणि काकासाहेब साळुंखे यांनी गणपतरावांचा पराभव केला. साळुंखे यांच्या निधनामुळे १९७४ साली पोटनिवडणूक झाली, तेव्हा लोकांनी गणपतरावांना परत बोलावले. मधल्या काळात दुष्काळाने माणदेश होरपळून निघाला होता. खडी फोडणाऱ्या हातांनी ते मत दिले होते, हे विसरून चालणार नाही.

खरी नवलाची गोष्ट १९९५ सालची. त्या वर्षी राज्याने काँग्रेसला सत्तेवरून खाली ओढले, आणि नेमक्या त्याच वर्षी सांगोल्याने काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून दिले. फरक किती? अवघ्या १९२ मतांचा. एखाद्या वाडीवरची माणसे त्या दिवशी बाजाराला न जाता मतदानाला गेली असती, तर निकाल फिरला असता. परंतु १९२ म्हणजे १९२. तीस-बत्तीस वर्षे ज्याचा शब्द तालुक्यात चालला तो माणूस घरी बसला. आणि १९९९ साली पुन्हा लोकांच्या दारात उभा राहिला. लोकांनी कौल दिला. पुढे २००४, २००९ आणि २०१४ सालीही दिला.

शिक्षकाच्या कपाळी निवडणुकीचे काम लिहिलेलेच असते. २०१९ साली मी याच मतदारसंघातल्या एका केंद्रावर होतो. नव्वदी ओलांडलेले आबा त्या वर्षी उभे नव्हते. त्यांचे नातू अनिकेत उभे होते. एक म्हातारा काठी टेकत आला. बोटाला शाई लावून घेता घेता म्हणाला, “मास्तर, यंदा आबाचं नाव न्हाई म्हणत्यात, खरं का?”

केंद्रावर उमेदवारांविषयी बोलणे नियमात बसत नाही. मी म्हणालो, “आजोबा, बाहेर भिंतीवर यादी लावलीय.”

“वाचाया कुटं येतंय? असूं दे. मग आता आमचं आमालाच ठरवाया पायजे!” असे म्हणून तो पडद्याआड गेला. त्याने काय ठरवले, हे मला कळण्याचे कारण नाही. निकाल लागला तेव्हा अनिकेत देशमुख ७६८ मतांनी पडले होते आणि शिवसेनेकडून उभे असलेले शहाजीबापू पुन्हा निवडून आले होते.

३० जुलै २०२१ रोजी गणपतराव गेले. आता या पक्षाचे इथले पान मिटले, असे अनेक शहाणे म्हणाले. पुढल्याच वर्षी गुवाहाटीहून झाडी, डोंगर आणि हाटेलाचे गुणगान करणाऱ्या शहाजीबापूंची बोली घरोघर पोहोचली. सांगोल्याला इतकी प्रसिद्धी १७५० च्या करारानेही दिली नसेल! परंतु २०२४ साली, सारा महाराष्ट्र महायुतीच्या मागे गेला असताना, तिरंगी लढतीत सांगोल्याने शहाजीबापूंना घरी बसवले आणि आबांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांना निवडून दिले. शेतकरी कामगार पक्षाची राज्यातली तेवढी एकच जागा.

आजोबांच्या नावावर नातवाला मत मिळते, यात मला धोकाही दिसतो. गादी वारशाने जाते. मत तसे जाऊ नये. मात्र याच तालुक्याने एका नातवाला पाडले आणि दुसऱ्याला निवडले, हेही ध्यानात ठेवावे लागते.

इतिहासाचा तास आता मी थोडा वेगळा घेतो. फळ्यावर १७५० लिहितो आणि त्याखाली १९२ लिहितो. मुले विचारतात, “गुरुजी, हे कुठलं साल?” मी सांगतो, हे साल नव्हे, ही माणसे आहेत. त्यांना विचारल्यावाचून आता सांगोल्यात राज्य बदलत नाही.