यादीबाहेरचं काम

परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय तुम्ही पाहिलं असेल. ते राज्य कामगार विमा योजनेचं. १९४८ च्या कायद्यानुसार कामगार आणि मालक दोघांनी वर्गणी भरायची. आजारपण, बाळंतपण, कामावरची इजा यांसाठी लाभ मिळायचा. पण म्हातारपणी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी येऊन आंघोळ घालणं, भरवणं? ते या यादीत नाही. जर्मनीने १९९५ पासून आणि जपानने २००० पासून त्यासाठी सक्तीचा वेगळा विमा सुरू केला. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत हे काम बायको, सून, मुलगी करत आली, तेही बिनपगारी.

मी आधी विम्याच्या अहवालांत हे काम शोधत बसलो. सापडेना, तेव्हा वाटलं, विषयच चुकला. मग उमगलं, ज्याचे पैसे द्यावे लागतात तेवढंच अहवाल मोजतो. म्हणून योजनेच्या लाभांची यादी हातात घ्या आणि विचारा, उरलेलं कोण करत होतं? मग चाळीतल्या एखाद्या आजींकडे जाऊन बसा. ‘सासऱ्यांचं कोण करायचं?’ एवढंच विचारा. त्या सांगतील, ‘मीच की!’ आता त्यांचं कोण करणार, हेही वहीत लिहून ठेवा.