राखेतून फुगलेला पाव

दोन कप मैदा, एक कप साखर, तीन लहान चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एक अंडे, कपभर दूध, थोडे वितळलेले लोणी आणि कपभर अक्रोडाचे तुकडे. एवढे साहित्य एका पातेल्यात कालवावे, लांबट साच्यात ओतावे आणि मध्यम आंचेच्या भट्टीत तासभर ठेवावे, की अमेरिकेतील गृहिणीचा ‘नट ब्रेड’ तयार होतो. नाव पावाचे असले तरी त्याची चव केकच्या वळणावर जाणारी असते. त्याला रात्रभर आंबवण्याची यातायात नाही आणि पीठ तिंबण्याचे कष्ट नाहीत. या सबंध जातीला इंग्रजीत ‘क्विक ब्रेड’, म्हणजे झटपट होणारा पाव, असे म्हणतात ते यामुळेच. शाळकरी मुलगीदेखील तो पहिल्या खेपेस साधते. इतक्या साध्या पदार्थाला इतिहास तो काय असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या नावातील ‘झटपट’ हा एक शब्द खरा करून दाखवण्यास पाऊणशे वर्षे लागली.

तत्पूर्वी घरी पाव भाजणे म्हणजे काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या ईशान्य भागातील खेड्यांत विकत मिळणारे यीस्ट नव्हते. बिअरच्या पिंपाच्या तळाशी राहिलेला गाळ, किंवा हॉप नावाच्या वेलीची फुले आणि बटाटे उकडून घरीच तयार केलेले विरजण, यांवर सारी भिस्त असे. हे विरजण जिवंत असल्यामुळे त्याचे लाडही जिवंत प्राण्यासारखे करावे लागत. कडाक्याच्या थंडीत ते गारठून मरे, उन्हाळ्यात आंबट होऊन जाई. आदल्या रात्री पीठ भिजवायचे, ते चुलीजवळ उबेत ठेवायचे, पहाटे उठून तिंबायचे, पुन्हा फुगू द्यायचे. आणि मग विटांच्या भट्टीत लाकडे जाळून, निखारे बाहेर ओढून, तापमानाचा अंदाज उघडा हात आत घालून घ्यायचा. हात किती आकडे मोजेपर्यंत आत टिकतो, हेच तेव्हाचे तापमापक. हा खटाटोप बहुतेक घरी आठवड्यातून एक दिवस चाले आणि तो दिवस गृहिणीचा सबंध जाई. केक करायचा झाल्यास यीस्ट टाळता येई, पण मग अंड्यांमध्ये हवा कोंडावी लागे. त्या काळच्या पाककृतींत अंडी अर्धा तास, प्रसंगी तासभर, फेटावयास सांगितलेले आढळते. सांगणारी मालकीण असे. फेटणारे हात पुष्कळदा मोलकरणीचे, आणि दक्षिणेकडील संस्थानांत गुलाम स्त्रियांचे असत.

या कष्टांतून सुटका करणारी वस्तू कोणा शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून आली नाही. ती चुलीच्या राखेतून आली. नव्या भूमीत वसाहत करणारे लोक शेतीसाठी जंगल तोडीत आणि तोडलेली झाडे जागच्या जागी जाळीत. ती राख पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून, लोखंडी हंड्यात आटवले, की तळाशी खार उरे. हंड्यातील राख म्हणून त्याचे नाव पॉटॅश. हा काळपट खार भट्टीत पुन्हा भाजला की मोत्यासारखा पांढुरका होई. त्याला ‘पर्ल-ॲश’ म्हणत. साबण, काच आणि कापड यांच्या कारखान्यांना त्याची मोठी गरज असल्यामुळे इंग्लंडात त्याला चांगली मागणी होती. जमिनीतून पहिले पीक निघण्यापूर्वीच जंगलाची राख विकून शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा येई. या धंद्याचे महत्त्व एवढे, की ३१ जुलै १७९० रोजी अमेरिकेच्या संघराज्याने दिलेले पहिलेच पेटंट सॅम्युएल हॉपकिन्स यांच्या पॉटॅश आणि पर्ल-ॲश तयार करण्याच्या सुधारित रीतीला मिळाले. त्यावर स्वतः जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही आहे.

राखेचा खार स्वयंपाकात वापरणे भारतीयांना नवीन वाटणार नाही. आसामात केळीच्या साली जाळून काढलेला खार आजही जेवणात असतो. महाराष्ट्रात पापडखारावाचून उडदाचा पापड नीट फुलत नाही. लोणारच्या सरोवराच्या काठी खार गोळा करण्याचा व्यवसाय फार जुना. ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये त्या परिसराचा उल्लेख काच आणि साबण यांना लागणाऱ्या द्रव्यांसाठीच झालेला आहे. मात्र आपल्याकडे हा खार पावाच्या पिठात गेला नाही. गोव्यात पाव फुगवण्याचे काम माडाच्या सुरेने केले. अमेरिकेत कोणा एका बाईने घरातील पर्ल-ॲशची चिमूट आंबट दुधात भिजवलेल्या पिठात टाकली आणि पीठ तिच्या डोळ्यांदेखत फसफसून वर आले. ही बाई कोण, कोणत्या गावची, तिने हे हेतुतः केले की चुकून, याची नोंद कोठेही नाही. हंड्याच्या मालकाला पेटंट मिळाले. पिठाच्या मालकिणीचे नावही उरले नाही.

छापील पुरावा सापडतो तो १७९६ सालचा. त्या वर्षी कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे अमेलिया सिमन्स या बाईंचे ‘अमेरिकन कुकरी’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. अमेरिकन व्यक्तीने लिहून अमेरिकेतच छापलेले ते पहिले पाकशास्त्राचे पुस्तक. मुखपृष्ठावर लेखिकेने स्वतःची ओळख एक अनाथ स्त्री एवढीच करून दिली आहे. तिच्या बिस्किटांच्या आणि आल्याच्या केकच्या काही कृतींत पर्ल-ॲश अगदी सहजपणे येतो. वाचणाऱ्या स्त्रियांना तो परिचित आहे असे गृहीत धरूनच ती लिहिते.

घडते ते असे. यीस्ट म्हणजे सूक्ष्म जीव. ते पिठातील साखर खाऊन कार्बन डायॉक्साइड वायू सोडतात, पण सावकाश, तासन्‌तास. तोच वायू खाराच्या पोटातही कोंडलेला असतो आणि आम्लाचा स्पर्श होताच तो क्षणात सुटतो. आंबट दूध, ताक, काकवी यांत आम्ल असतेच. रात्रीचे काम क्षणावर आले ते एवढ्याशा व्यवहारामुळे. दोष एवढाच, की खाराचे प्रमाण जरा अधिक झाले तर तो लोण्याशी संयोग पावून चक्क साबण बनतो, आणि साबणाची चव गोड पावाला शोभत नाही.

पुढे पोटॅशियमचा खार मागे पडून त्याची जागा सोड्याने घेतली. फ्रान्समध्ये निकोला लब्लां याने साध्या मिठापासून सोडा करण्याची रीत १७९१ मध्ये पेटंट केली होती. तिच्यामुळे सोडा स्वस्त झाला. झाडे जाळण्याची गरज कमी झाली. परंतु धूर नाहीसा झाला असे मात्र नव्हे. तो इंग्लंडातील कारखान्यांच्या धुरांड्यांत गेला. त्या धुरातील मिठाच्या तेजाबाने आसपासची शेते करपली, तेव्हा १८६३ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करावा लागला. अमेरिकेत १८४६ साली जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च या मेहुण्यांनी न्यूयॉर्कमधील घराच्या स्वयंपाकघरात खाण्याचा सोडा शुद्ध करून कागदी पुड्यांत भरण्यास आरंभ केला.

सोडा शुद्ध झाला, तरी आम्लाचे काय? आज दूध जितके आंबट, तितके उद्या असेलच असे नाही. आंबटपणा कमी पडला की पावात पिवळे डाग आणि कडवटपणा येई. द्राक्षमद्याच्या पिंपांना आतून धरणाऱ्या पुटापासून काढलेले क्रीम ऑफ टार्टर हे आम्ल खात्रीचे होते, पण ते युरोपातून येई आणि महाग पडे. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८४३ मध्ये खार आणि आम्ल एकाच कोरड्या पुडीत आणले. त्याच्या पत्नीला यीस्टचा पाव सोसत नसे, आणि तिच्यासाठीच तो या नादाला लागला होता. अमेरिकेत हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ मध्ये फॉस्फेटयुक्त आम्लचूर्णाचे पेटंट मिळवले. हॉर्सफर्ड हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचे शिष्य. हे फॉस्फेट प्रारंभी जनावरांच्या हाडांपासून काढीत. खार आणि आम्ल डब्यातच एकमेकांशी भिडू नयेत म्हणून त्यात मक्याचे पीठ मिसळू लागले. बेकिंग पावडर आपल्या ओळखीच्या रूपास आली ती अशी.

या सुधारणेचे स्वागत सर्वांनीच केले असे नाही. सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम या आहारसुधारकाने १८३७ मध्ये पावावर एक सबंध ग्रंथ लिहिला, आणि पाव घरी, पत्नीच्या वा मातेच्या हातचाच असावा, असा त्याचा आग्रह होता. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बाजारी पावात भेसळ होत असे हे खरेच होते. परंतु पहाटे उठून पीठ तिंबावे लागणाऱ्यांत तो स्वतः नव्हता.

डबा दुकानात आला आणि त्याबरोबर दुकानदारीही आली. क्रीम ऑफ टार्टरऐवजी तुरटीच्या जातीचा क्षार घातला तर पावडर कितीतरी स्वस्त पडे. टार्टरची पावडर विकणाऱ्या ‘रॉयल’ कंपनीने तुरटी विषारी असल्याचा प्रचार सुरू केला. मिझुरी संस्थानाने १८९९ मध्ये तुरटीयुक्त बेकिंग पावडरला कायद्याने बंदी केली. हा कायदा आमदारांना पैसे चारून टिकवण्यात आल्याचे पुढे उघडकीस आले; १९०३ मध्ये तेथील लेफ्टनंट गव्हर्नर जॉन ली यांना पद सोडावे लागले आणि १९०५ मध्ये बंदी उठली. तुरटीची पावडर इतर पावडरींहून अधिक अपायकारक नाही, असा निर्वाळा सरकारी तज्ज्ञमंडळाने १९१४ मध्ये दिला. या सर्व काळात प्रत्येक बाजू जाहिरातींतून गृहिणीला एकच भीती घालत होती, की तुम्ही मुलांना विष तर चारीत नाही ना? ज्या डब्याने तिचे तास वाचवले, त्याच डब्यासाठी तिच्या जिवाला घोर लावण्यात आला.

आता राहिले अक्रोड. सुके मेवे घातलेला गोड पाव विसाव्या शतकाच्या आरंभी घरोघर दिसू लागला तो अमेरिकेत मेवा मुबलक झाल्यामुळे. कॅलिफोर्नियात अक्रोड आणला स्पॅनिश धर्मोपदेशकांनी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात; १८६७ पासून सांता बार्बरा भागात त्याच्या मोठ्या बागा उभ्या राहू लागल्या. अक्रोडाचाच भाऊबंद असलेला पिकॅन मात्र मिसिसिपीच्या खोऱ्यातला मूळचा रहिवासी. त्याचे रान भरपूर होते, पण प्रत्येक झाडाचे फळ वेगळे. बी लावून चांगल्या झाडाचा वाण उतरत नसे. हा प्रश्न सोडवला लुइझियानातील ओक ॲली या मळ्यावरील अँट्वान नावाच्या माळ्याने. १८४६–४७ च्या हिवाळ्यात, म्हणजे ड्वाइट आणि चर्च न्यूयॉर्कला सोड्याच्या पुड्या बांधीत होते त्याच सुमारास, त्याने पातळ सालीच्या उत्तम पिकॅनची कलमे सोळा झाडांवर यशस्वी रीतीने बांधली. अँट्वान हा गुलाम होता. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात त्या झाडांच्या फळांना गौरव मिळाला आणि वाणाचे नाव पडले ‘सेंटेनिअल’. अँट्वानचे आडनाव काय, तो पुढे किती जगला, हे कोणी लिहून ठेवले नाही. तो गुलाम असल्याने सरकारी यादीत त्याची गणना मालमत्तेत होत होती. मालमत्तेला पेटंट मिळत नाही.

पहिल्या महायुद्धात, १९१७–१८ साली, अमेरिकेत गहू वाचवण्याची मोहीम निघाली, आणि मका, ओट, राय यांची पिठे मिसळलेले झटपट पाव प्रतिष्ठा पावले. यीस्टला गव्हाचा चिकटपणा लागतो, सोड्याला तितका लागत नाही. १९३० नंतरच्या मंदीत फार पिकलेली केळी टाकून न देता त्याच पिठात कालवली जाऊ लागली. सोडा, मैदा आणि मेवा विकणाऱ्या कंपन्या पाककृतींच्या पुस्तिका काढीत, आणि खजूर-अक्रोडाचा पाव त्यांतूनच दूरदूर पोचला.

मराठी घरांत भट्टी नसे, पण पातेल्यात वाळू तापवून, वरच्या झाकणावर निखारे ठेवून नानकटाई भाजण्याची युक्ती माहीत होती. त्याच युक्तीने हा पावही भाजता येतो. अंडे नको असल्यास दही आणि खाण्याचा सोडा यांवर काम भागते, कारण दह्याचे आम्ल आणि सोडा यांचे नाते तेच, जे आंबट दूध आणि पर्ल-ॲश यांचे होते. मात्र पीठ फार घोटू नये. घोटल्याने गव्हातील चिकट द्रव्य ताणले जाते आणि पाव चिवट होतो. थोड्या गुठळ्या राहिल्या तरी चालतात. अक्रोडाचे तुकडे कोरड्या पिठात घोळून घातले तर ते तळाशी बसत नाहीत. दही-सोड्याचे पीठ कालवताच भाजावयास ठेवावे, नाहीतर वायू वाया जातो. बेकिंग पावडरच्या पुष्कळ जुन्या कृतींत मात्र साचा भरून वीस मिनिटे स्वस्थ ठेवण्यास सांगितलेले असते. भाजताना माथ्यावर लांब भेग पडते, तो दोष नव्हे. वरची साल आधी घट्ट होते आणि आतले पीठ नंतर फुगते, एवढाच त्याचा अर्थ. ताजा पाव सुरीखाली चुरतो, म्हणून तो पूर्ण निवू द्यावा, कापडात गुंडाळावा आणि दुसऱ्या दिवशी कापावा. तोपर्यंत अक्रोडाचे तेल पावात मुरलेले असते आणि काप सबंध निघतात.